कुठे जायचंय, की कुठून आलात?

नाशिक फाट्यावर रिक्षावाला एकच प्रश्न विचारतो, "कुठे जायचंय?" पुण्याकडून येताना भोसरी म्हटलं की उजवीकडे, पिंपरी म्हटलं की सरळ. तुमचं नाव, गाव त्याला नको असतं. नेटवर्कमधलं साधं राउटिंग असंच चालतं. स्विच पॅकेटवरचा जाण्याचा पत्ता बघतो, आपल्या तक्त्यात वाट शोधतो आणि पॅकेट पुढे ढकलतो. ते कोणी पाठवलं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

पण याच रस्त्यावर दुसराही नियम आहे. दापोडी ते निगडी बीआरटीची वेगळी लेन आहे. बस आणि मोटार, दोघींना निगडीलाच जायचं असतं. तरी बसची वाट वेगळी. वाट ठरते ती जाणारा कोण आहे यावरून. नेटवर्कमध्ये याला पॉलिसी बेस्ड राउटिंग म्हणतात. पॅकेट कुठून आलं हे आधी बघायचं, नियमात बसलं तर ठरवून दिलेल्या वाटेने पाठवायचं, नाहीतर नेहमीच्या तक्त्याकडे सोपवायचं.

कासारवाडीतल्या एका कारखान्यात हे काम माझ्याकडे आलं. इंटरनेटच्या दोन लाइन होत्या. एक महागडी लीज्ड लाइन, दुसरी स्वस्त ब्रॉडबँड. साहेबांची मागणी साधी होती. ऑफिस लीज्ड लाइनवर राहू द्या, शॉप फ्लोअरवरच्या कामगारांचं वाय-फाय ब्रॉडबँडवर टाका. मी रात्री बसून नियम लिहिला. शॉप फ्लोअरच्या व्हीलॅनमधून जे येईल, ते कुठेही जाणारं असो, ब्रॉडबँडच्या राउटरकडे. मग स्विचवरूनच आतल्या सर्व्हरला पिंग केला. उत्तर आलं. बाहेरही पिंग केला, तिथूनही आलं. समाधानाने घरी गेलो.

सकाळी साडेसातला फोन. पहिल्या पाळीच्या यादीत सगळे कंत्राटी कामगार गैरहजर! हजेरीचं मशीन त्याच व्हीलॅनमध्ये होतं. कामगार अंगठा लावत होते, मशीन ती नोंद आतल्या सर्व्हरकडे पाठवत होतं, आणि माझा नियम ती उचलून बाहेरच्या राउटरकडे देत होता. त्या राउटरला आतला सर्व्हर माहीतच नव्हता. शेजारच्या खोलीत जायचं पॅकेट गेटबाहेर जाऊन हरवत होतं.

मी पोचलो तेव्हा गेटवर एक वयस्क कामगार सुपरवायझरला सांगत होते, "साहेब, मी सहा पन्नासला आत आलोय. खाडा धरू नका." ते बोलले म्हणून प्रकार कळला. बाकीचे गप्प उभे होते. कंत्राटी माणूस यादीशी वाद घालत नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. नियमांच्या यादीत वरून पहिला जुळेल तो लागू होतो. म्हणून सगळ्यात वर एक ओळ टाकली. कारखान्यातल्या कारखान्यात जाणाऱ्या पॅकेटला पॉलिसी लावू नका. गंमत अशी, की त्या ओळीत शब्द येतो 'डिनाय'. फायरवॉलमध्ये डिनाय म्हणजे अडव. इथे त्याचा अर्थ, याला या नियमातून सोड, नेहमीच्या रस्त्याने जाऊ दे. मशीनच्या पोटात साठलेल्या नोंदी भराभर सर्व्हरवर गेल्या. यादी बदलली. चूक माझी होती, कामगारांची नाही, असं मी साहेबांना लिहून दिलं.

पण माझी खरी चूक नियमात नव्हती, तपासण्यात होती. स्विचने स्वतः तयार केलेल्या पॅकेटला तो नियम लागतच नाही. नियम लागतो तो त्या व्हीलॅनमधून आत येणाऱ्या पॅकेटला. मी स्विचवर बसून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" आणि स्विच म्हणाला, "ठीक आहे." त्याच्यापुरतं ते खरंच होतं.

याच भागात मी खोली शोधत होतो ते दिवस तेव्हा आठवले. एका मालकांशी फोनवर भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, किल्ली कधी घ्यायची तेही ठरलं. शेवटी त्यांनी नाव विचारलं. नाव सांगताच ती खोली 'कालच गेली' निघाली. मला राग त्यांचा कमी आला, त्यांच्या पुढच्या वाक्याचा जास्त. "आमच्या सोसायटीत तसं काही नाही हो, कोणालाच त्रास नाही." माणूस खोटं बोलत नसावा. त्यांना त्या दारात कधी कोणी नाव विचारलंच नव्हतं.

कुठून आलात हे बघून वाट ठरवणारे नियम सगळेच वाईट नसतात. बसची लेन मला हवीच आहे. पण असा नियम लिहिणाऱ्याने तो स्वतःच्या खुर्चीवरून तपासू नये. आता मी काम संपलं की लॅपटॉप उचलतो, शॉप फ्लोअरवर जातो, हजेरीच्या मशीनशेजारी स्टूल टाकून बसतो आणि तिथून पिंग करतो. तिथून उत्तर आलं, तरच घरी जातो.