मासोळीचं वय

ताडोब्याचे वाघ मोजायची जी रीत आज जगभर मान्य आहे, ती मुळात मासळीसाठी शोधलेली आहे. पीटरसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने 1890 च्या दशकात चपट्या समुद्री माशांच्या अंगावर बारीक खुणा अडकवल्या आणि ते मासे पुन्हा पाण्यात सोडले. पुढे जाळ्यात जे आले, त्यातले खूणवाले किती आणि बिनखुणेचे किती, एवढ्या हिशेबावरून पाण्यात एकूण मासे किती असतील याचा अंदाज बांधता येतो. वाघाला खूण लावावी लागत नाही, त्याचे पट्टे असतातच. कॅमेऱ्यात एकदा टिपलेला वाघ पुन्हा किती वेळा दिसतो आणि नवे किती दिसतात, यावरून त्यांची संख्या काढतात. गणित पुढे खूप सुधारलं, पण त्याचं मूळ पाण्यातच आहे. 2022 च्या अंदाजात महाराष्ट्रात 444 वाघ निघाले आणि त्यात मोठा वाटा आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचा होता. एकेका वाघाला नाव आहे, वंशावळ आहे, कोणती वाघीण कधी व्याली याची तारीख लोकांना तोंडपाठ आहे.

त्याच जंगलाच्या कडेला बोड्या आहेत, तलाव आहेत, उमा आणि अंधारीसारख्या लहान नद्या आहेत, खाली वैनगंगा आहे. तिथल्या मासोळीवर हजारो ढिवर घरांची चूल पेटते. तलावावरच्या संस्थेच्या वहीत मासोळीची नोंद होते ती किलोत. किती किलो निघाली, काय भाव मिळाला, लीजचे किती भरले. ती किती वर्षांची होती, आयुष्यात एकदा तरी अंडी टाकून आली होती का, याला त्या वहीत रकाना नाही. मला हे फार लागतं. ज्या विद्येने आम्हाला वाघ मोजून दिले, तिचा मासोळीला स्वतःला काहीच उपयोग होऊ नये, ही गोष्ट पटत नाही.

माशाचं वय कळतं, आणि त्यासाठी प्रयोगशाळाच लागते असंही नाही. रोहूचा एक खवला काढा, नखाने त्यावरची बुळबुळीत साय काढून टाका, पाण्यात धुवा आणि भिंगाखाली उजेडासमोर धरा. एकात एक बसलेल्या अत्यंत बारीक रेषा दिसतात. काही ठिकाणी त्या ऐसपैस असतात, तेव्हा पाणी भरपूर होतं आणि पोटाला मिळत होतं. काही ठिकाणी त्या एकमेकींना चिकटून दाट होतात. तिथे उन्हाळा आला, तलाव आटला, खाणं कमी झालं, किंवा अंडी धरण्यात अंगाची सगळी ताकद गेली. आलापल्लीच्या सागवानाच्या बुंध्यात वलयं मोजावीत, तसंच हे मोजणं. वाघूरच्या बाबतीत जरा अवघड जातं, कारण वाघूरला खवलेच नसतात. मग कानातलं हाड पाहावं लागतं. माशाच्या डोक्यात, कानाच्या पोकळीत चुन्याचे इवलेसे खडे असतात. जन्मापासून त्यांच्यावर थर चढत जातात. ते घासून पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की त्या जीवाचं सारं आयुष्य समोर येतं. आपल्याकडे कडाक्याची थंडी नसल्याने हे थर थंड देशांतल्या माशांइतके स्पष्ट उमटत नाहीत, म्हणून वाचणाऱ्याला नजर तयार करावी लागते.

आणि एवढंही करायचं नसेल तर नुसती पट्टी पुरते. एका तलावातले शे-दोनशे मासे दर महिन्याला मोजले आणि कोणत्या लांबीचे किती, हे मांडत गेलं, तर एका वर्षाची पिलावळ एका ढिगात, त्याआधीच्या वर्षाची दुसऱ्या ढिगात अशी आपोआप वेगळी पडते. महिन्यामहिन्याला तो ढीग पुढे सरकतो. तेच वाढीचं माप. मासा मरेपर्यंत वाढतो, पण लहानपणी झपाट्याने आणि पुढे मंद होत होत. बर्टालान्फी या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ही वाढ एका सूत्रात बसवली आणि जगातली मासेमारी आजही त्याच सूत्रावर तोलली जाते. सगळा खटाटोप शेवटी एका प्रश्नासाठी असतो: अंडी टाकण्याच्या वयाला पोचण्याआधीच आपण मासा उचलतो आहोत का?

समुद्रावर हा प्रश्न ऐरणीवर आला आहे. मालवण-विजयदुर्गच्या समोर, खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचं प्रवाळाचं पठार आहे. अशा खडकाळ, प्रवाळी जागांवर हेकरू राहतो, कोकणात काही जण त्याला गोबरा म्हणतात. हॉटेलांत आणि परदेशी बाजारात त्याला मोठा भाव. हा मासा सावकाश वाढतो, खूप जगतो, आणि त्याच्या बहुतेक जाती आधी मादी असतात, वय वाढल्यावर त्यातल्या काहींचे नर होतात. म्हणजे मोठे मासे वेचून काढले की नरच संपतात, आणि उरलेल्या माद्यांची अंडी वाया जातात. हे कुणी मोजलं नसतं तर कळलंच नसतं. मोजल्यामुळेच 2023 मध्ये महाराष्ट्राने समुद्रातल्या 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक होड्या जात नाहीत, कारण तो विणीचा काळ.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतही जून हाच विणीचा महिना. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला, सांडव्यावरून पाणी वाहू लागलं, की तलावातली मासोळी त्या धारेवर चढायला लागते. बांध्यांत, नाल्यांत, धानाच्या वावरांत, जिथे ऊबदार उथळ पाणी आणि कोवळं गवत आहे, तिथे तिला अंडी टाकायची असतात. चढणीची मासोळी पोटाने गच्च असते. आणि त्या रात्री अख्खं गाव कंदील, बॅटऱ्या, काठ्या, मच्छरदाण्या घेऊन सांडव्यावर असतं. मीही लहानपणी त्या गर्दीत असायचो. त्या रात्रीच्या आनंदाला नाव ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही. पण नागभीडच्या बाजारात पावसाळ्यात अंड्यांनी फुगलेल्या मासोळीचा वाटा पाहिला की आता हिशेब मनात येतो. या एका वाट्यात पुढल्या वर्षीचा अख्खा तलाव आहे.

मरळीची गोष्ट त्याहून कठीण आहे. मरळ हवा घेऊन जगणारी, ओल्या चिखलातही तग धरणारी, विकायला जिवंत नेता येते म्हणून चांगला भाव मिळवून देणारी. ती गवत बाजूला सारून पाण्यात मोकळी जागा करते, अंडी वर तरंगतात आणि नर-मादी दोघंही राखण करतात. पिलं निघाली की ती लालसर रंगाची असतात, शेकड्यांनी एकाच घोळक्यात फिरतात. पाण्याच्या वर एक तांबडा ठिपका सरकतो आहे असं वाटतं. मधूनच सगळी एकदम वर येऊन हवा घेतात आणि पाणी उकळल्यासारखं खदखदतं. त्या घोळक्याच्या बरोबर खाली आई-बाप असतात. सिंदेवाहीकडच्या एका तलावावर कमरेभर पाण्यात उभ्या असलेल्या एका ढिवर मावशीने मला तो घोळका दाखवला होता. म्हणाली, ‘‘भाऊ, हे पिल्लं सोडून जात नाही. म्हणूनच सापडते.’’ आणि तिने जाळं त्या बाजूला टाकलं नाही. बाहेरून गळ घेऊन येणारे हौशी लोक मात्र बरोबर तिथेच गळ टाकतात. एक मरळ निघते, आणि वरची सगळी पिलं दुसऱ्या माशांच्या, बगळ्यांच्या तोंडी जातात. तराजूत एक किलो भरतं, पण नुकसान त्या किलोचं नसतं.

या तलावांना मालगुजारी तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले, भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत ते हजारोंच्या संख्येने आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गावाची त्यांच्यावरची नजर सैल झाली. दुसरा बदल 1957 साली झाला. 10 जुलैला ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी माशांना मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून बंद तळ्यात अंडी द्यायला लावलं. नदीत वाहत्या पाण्यातच विणणाऱ्या रोहू, कतला, मिरगल यांचं बीज तेव्हापासून हवं तेवढं तयार होऊ लागलं. हे फार मोठं काम होतं, देशाला मासे खायला मिळाले, आणि ढिवर संस्थांना तलावातून हुकमी पैसा मिळू लागला. मी त्याला कमी लेखणार नाही. पण हे मासे वर्षभरात किलोच्या घरात जातात, म्हणून तलावाची किंमत त्यांच्याच वाढीवर होऊ लागली. मरळ, वाघूर, शिंगाडा, बाम, आणि बायाबापड्या ज्यांना टोपलीने काढून घरी कालवण करतात त्या लहान लहान जाती, यांना हिशेबात ‘इतर’ म्हणतात. जाळ्याचा गाळाही, म्हणजे भोकाचं माप, त्याच हिशेबाने ठरला. शिवाय मरळ बोटुकली खाते, म्हणून बीज सोडण्याआधी तिला काढून टाकायचाच सल्ला मिळतो. लागवडीच्या तळ्यात तो ठीक असेल. तीनशे वर्षांच्या तलावात, जिथे देवधान, म्हणजे रानटी धान, उगवतं आणि हिवाळ्यात परदेशी बदकं उतरतात, तिथे मला तो सल्ला चुकीचा वाटतो.

नदीचं तर आणखी बिकट. गोदावरीचा मोठा झिंगा प्राणहितेतून वर वैनगंगेत येणारा. त्याच्या पिलांना सुरुवातीला खारवट पाणी लागतं, म्हणजे हा जीव खाडी ते विदर्भ एवढ्या लांबीच्या नदीवर जगणारा. त्या वाटेवर धवळेश्वरमचं जुनं धरण, सिरोंच्याजवळ 2019 साली पूर्ण झालेलं मेडिगड्डा, वैनगंगेवर चामोर्शीजवळ चिचडोह, आणि आणखी वर गोसीखुर्द. बांध बांधताना पाणी किती टीएमसी, ते दशांशापर्यंत मोजलं जातं. झिंगा कुठवर पोचतो, हे त्या मोजणीत धरलं जात नाही.

म्हणूनच मला धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं महत्त्व वाटतं. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचं राज, म्हणणाऱ्या या गोंड गावाने सगळे निर्णय सहमतीने घ्यायचे आणि निर्णयाआधी अभ्यास करायचा, अशी रीत पाडली. अभ्यासगटांत ज्या विषयांवर चर्चा झाली, त्यात नदीत झाडपाल्याचं विष टाकून मासे धरणं हाही होता. विषाने मोठ्या माशाबरोबर पिलंही मरतात, हे गावानेच मांडलं आणि गावानेच ते थांबवायचं ठरवलं. 2009 मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत ते आहे. आज एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांकडे हा हक्क आहे. बांबू आणि तेंदूपानाच्या व्यवहारामुळे तो गाजला. पण 2006 च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्याच कलमात मासे आणि पाणवठ्यांतल्या इतर उपजांवरचा हक्कही स्पष्ट लिहिलेला आहे. आणि ज्याला हक्क आहे, त्यालाच राखण्याचा अधिकार आणि जबाबदारीही आहे.

ग्रामसभांना, ढिवर संस्थांना आणि त्या गावांतल्या गुरुजींना माझी विनंती आहे. एक वही घाला. त्यात मासोळीचं गावातलं नाव लिहा, लांबी लिहा, पोटात अंडी होती की नाही ते लिहा. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पन्नास मासे मोजले तरी चालतील. दोन पावसाळे झाले की मरळ तुमच्या तलावात किती लांबीला पहिल्यांदा अंडी धरते, हे तुमच्याकडेच लिहिलेलं असेल, आणि जाळ्याचा गाळा किती असावा हे ठरवायला कोणाची वाट पाहावी लागणार नाही. तोवर निदान एवढं करा: मिरगाचे पहिले पंधरा दिवस सांडवा मोकळा सोडा, आणि तांबडी पिलं दिसली तिथे गळ टाकू देऊ नका.