घड्याळ कोणाचे खरे?

प्रशासनात 'मुदतीत' हा शब्द आपण सहज वापरतो. मुदत कोणाच्या घड्याळाने मोजली, हे मात्र क्वचितच विचारतो.

माझ्या सेवाकाळात एका कार्यालयाने ऑनलाइन निविदा मागविल्या होत्या. मुदत दुपारी तीनची. एका लहान कंत्राटदाराला पडद्यावर मुदत संपल्याचा संदेश आला, तेव्हा त्याच्या घड्याळात तीनला तीन मिनिटे कमी होती. त्याने तक्रार केली. मी नियमावर बोट ठेवून ती निकालात काढली. पुढे तपासणीत आढळले की आमच्याच सर्व्हरचे घड्याळ चार मिनिटे पुढे होते. काम तोवर दुसऱ्यास दिले गेले होते.

त्यानंतर चेन्नईस जाण्याचा योग आला. नुंगमबाक्कमच्या हवामान केंद्राच्या आवारात १७९२च्या वेधशाळेचा ग्रॅनाइटचा स्तंभ अजून उभा आहे. तेथे ताऱ्यांचे वेध घेऊन घड्याळ लावले जाई आणि तारायंत्राने ती वेळ दूरवर कळविली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातील रेल्वे याच 'मद्रास टाइम'ने धावत. मुंबईचे घड्याळ तिच्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे असे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ लागू झाली, तरी मुंबईची वेगळी वेळ १९५५पर्यंत टिकून होती.

आज तारायंत्राची जागा नेटवर्कने घेतली आहे. संगणकातील घड्याळ दिवसाकाठी एखादा सेकंद सहज चुकते. म्हणून तो अधूनमधून प्रमाण सर्व्हरला वेळ विचारतो. उत्तर येण्यास लागलेला प्रवासाचा वेळ मोजून, त्याचा निम्मा भाग जाण्याचा व निम्मा येण्याचा मानून, तो स्वतःची चूक काढतो. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही पद्धत जगभर रूढ आहे. चूक लहान असेल तर घड्याळ एकदम मागे सरकवीत नाहीत, त्याची गती किंचित कमी करतात. अन्यथा नंतर आलेला अर्ज आधी आल्याची नोंद व्हायची!

एप्रिल २०२२ मध्ये 'सर्ट-इन'ने शासकीय कार्यालयांसह सर्व संबंधित संस्थांना राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी घड्याळे जुळविण्याचे निर्देश दिले. हे योग्यच झाले. माझी सूचना एवढीच, की सर्व्हरची वेळ शेवटची केव्हा जुळविली याची नोंद प्रत्येक निविदेच्या कागदपत्रांत असावी आणि ती अर्जदारास पाहता यावी. ती नोंद त्या दिवशी असती, तर नियमावर बोट ठेवण्यापूर्वी मी आमचे घड्याळ पाहिले असते.