तिसऱ्या मजल्यावरची बाई

मैत्रिणींनो, दुपारची आवराआवर झाली, की कादंबरी घेऊन अंमळ लवंडायचं, हे सुख काही मी तुम्हाला नव्यानं सांगायला नको. पुढं काय झालं, लग्न झालं का, तो परत आला का, म्हणत आपण पानामागून पान उलटत जातो. पण पुस्तक मिटल्यावर मला हल्ली आणखी एक प्रश्न विचारायची सवय लागली आहे. ‘या गोष्टीत कुणाला बोलूच दिलेलं नाही?’ हा प्रश्न साधा दिसतो खरा, पण वाचलेली कादंबरी तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावतो. कसा, ते दोन इंग्रजी कादंबऱ्यांवरून सांगते.

पहिली आहे शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’. ती १८४७ साली लंडनला प्रसिद्ध झाली. लेखिकेनं नाव घेतलं होतं करर बेल, म्हणजे लिहिणारी बाई की पुरुष, कळू नये असं! जेन ही पोरकी मुलगी. मामीच्या घरी बोलणी खाऊन वाढलेली, मग अर्धपोटी ठेवणाऱ्या शाळेत शिकलेली. रूप नाही, पैसा नाही. थॉर्नफिल्ड नावाच्या मोठ्या वाड्यात ती एका लहान मुलीला शिकवायला राहते आणि वाड्याचे मालक रॉचेस्टर आणि ती एकमेकांच्या प्रेमात पडतात. तिसऱ्या मजल्यावरून रात्री-अपरात्री विचित्र हसणं ऐकू येतं. एकदा तर मालकाच्या बिछान्यालाच आग लागते. शेवटी ऐन लग्नात, चर्चमध्येच उलगडा होतो, की रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत आहे. ती वेडी आहे आणि वर कोंडून ठेवलेली आहे. जेन वाडा सोडून निघून जाते. पुढं ती वेडी वाड्याला आग लावते आणि छपरावरून उडी टाकून मरते. वाट मोकळी होते नि जेनचं लग्न होतं.

वाचताना आपण सगळ्या जेनच्या बाजूनं असतो. असायलाच हवं. हाताशी काहीही नसताना स्वतःचा मान सांभाळणारी अशी नायिका विरळाच. पण त्या वरच्या बाईचं काय? तिचं नाव बर्था. एवढ्या जाड पुस्तकात तिच्या तोंडचं एक वाक्यही आपल्या कानी पडत नाही. ऐकू येतं ते हसणं, ओरडणं, गुरगुरणं. तिची हकीकत सांगतो कोण? तिचा नवरा! तोही कधी सांगतो, तर दुसरं लग्न अंगाशी आल्यावर.

आता त्याच्याच बोलण्यातून काय निघतं बघा. हा धाकटा मुलगा. वडिलांना इस्टेट थोरल्याकडे अखंड ठेवायची होती, म्हणून याच्यासाठी जमैका बेटावरची श्रीमंत मुलगी पाहिली. तिच्याबरोबर तीस हजार पौंड आले. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यानं लग्न झालं, की बायकोचा पैसा नवऱ्याचा होई. तो कायदा बदलायला १८७० नि १८८२ साल उजाडावं लागलं. म्हणजे हुंडा खाली, दिवाणखान्यात राहिला आणि हुंडा आणणारी वर, कुलपात. हे सगळं ब्राँटीच्याच पुस्तकात आहे, पण आपलं लक्ष जेनच्या लग्नाकडे लागलेलं असतं ना!

एका लेखिकेचं लक्ष मात्र तिथंच अडकलं. तिचं नाव जीन रीस. १८९० साली वेस्ट इंडीजमधल्या डॉमिनिका बेटावर तिचा जन्म झाला. म्हणजे बर्थाच्या मुलखाकडचीच म्हणायची. १९६६ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, तिची ‘वाइड सारगॅसो सी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ही त्या कोंडलेल्या बाईचीच गोष्ट! इथं ती लहान आहे, बेटावरच्या पडक्या मळ्यात हिंडते आहे. गुलामगिरी नुकतीच कायद्यानं बंद झालेली आहे. आजूबाजूच्या लोकांचा जुन्या मळेवाल्यांवर राग आहे. तिचं घर जळतं, आईचं मन ढळतं. मोठी झाल्यावर परक्या इंग्रजाशी तिचं लग्न लावून देतात. पैसा त्याच्या हवाली होतो आणि तिच्यासाठी वेगळी काहीच तरतूद केली जात नाही.

आणि तिचं नाव बर्था नाहीच मुळी! ती आहे अँत्वानेत. ब्राँटीच्या कादंबरीत चर्चमधल्या त्या प्रसंगी तिचं पूर्ण नाव एकदाच वाचलं जातं, त्यात बर्थाच्या पाठोपाठ अँत्वानेता असं येतं. रीसनं नेमकं ते उचललं. तिच्या कादंबरीत नवरा तिच्याविषयी काहीबाही ऐकतो नि तिला बर्था म्हणू लागतो. ती सांगून पाहते, की हे माझं नाव नव्हे. तो ऐकत नाही. कुलूप पुढं लागतं, आधी नाव जातं.

आम्ही गल्लीतल्या सहाजणी गुरुवारी दुपारी जमतो. एकीचं इंग्रजी चांगलं आहे. ती वाचते आणि मराठीत सांगते. आमच्या सासूबाई वाती वळत ऐकायला बसतात. या प्रसंगापाशी त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, “मला कुठं कुणी विचारलं होतं? तांदळाचं ताट पुढं आलं, अंगठीनं अक्षरं काढली, तेव्हा मला कळलं मी कोण ते.”

त्यांचं लग्न १९६१ सालचं. आम्ही सगळ्या गप्प. मग त्याच म्हणाल्या, “जाच नव्हता हो कसला. माणसं चांगली होती. पण वर्षभर हाक आली, की दुसरीच कुणाला तरी बोलावताहेत असं वाटायचं.”

एकीनं विचारलं, “माहेरचं नाव काय तुमचं?” त्या लाजल्या नि त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं मी या घरात आहे, पण ते नाव माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. ते इथं छापायला त्यांची ना आहे, म्हणून लिहीत नाही. पण आता गुरुवारी आमच्यातल्या त्यांच्या बरोबरीच्या काकू त्यांना त्याच नावानं हाक मारतात.

नाव आपण होऊन बदलणं वेगळं. ब्राँटीनं ते बदललं, ‘जीन रीस’ हेही घेतलेलंच नाव. दुसऱ्यानं न विचारता बदलणं वेगळं.

आणखी एक गंमत सांगते. रीसनं नवऱ्यावर नुसती आगपाखड केलेली नाही. कादंबरीचा मधला मोठा भाग त्याच्याच तोंडून येतो. बापानं ढकललेला, परक्या मुलखात गांगरलेला तरुण आपल्याला दिसतो. राग येतो नि थोडी कीवही. फक्त त्याचं नाव तिनं कुठंच घेतलेलं नाही, आपल्याकडच्या जुन्या बायकांसारखं!

आपल्या मराठीकडे वळा. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यांच्याच ‘करमणूक’ पत्रातून येऊ लागली आणि १८९३ साली तिचं पुस्तक झालं. यमूचे हाल वाचून किती डोळे ओले झाले असतील! पण यमूची मैत्रीण दुर्गी आठवते? नवरा वाईट निघालेली? यमूला निदान जीव लावणारा नवरा काही काळ लाभला आणि स्वतःची गोष्ट सांगायलाही मिळाली. दुर्गी आपल्याला भेटते ती यमू सांगेल तेवढीच. तिनं स्वतः सांगितलं असतं, तर काय सांगितलं असतं? मला वाटतं, हरिभाऊंच्या त्या नावातला प्रश्न दुर्गीसाठीही आहेच.

तेव्हा पुढची कादंबरी हाती घ्याल, तेव्हा एवढं करून बघा. गोष्ट कोण सांगतंय ते आधी पाहा. मग ज्याला वाईट किंवा वेडं म्हटलंय, ते कुणाच्या सांगण्यावरून, हे शोधा. आणि घरातला पैसा कुणाचा, किल्ल्या कुणाकडे, तेही बघून ठेवा. नायिकेवरचं प्रेम त्यानं काही कमी होत नाही. जेन मला आजही तितकीच आवडते. आणि एक सांगू? रॉचेस्टर त्या बायकोविषयी तिरस्कारानं बोलतो, तेव्हा ‘वेडी झाली हा काही तिचा दोष नव्हे’ अशा अर्थाचं त्याला सुनावते ती जेनच. पहिल्या वाचनात ती ओळ माझ्या नजरेतून निसटली होती. तुम्ही वाचाल तेव्हा तिच्यापाशी जरा थांबा.