तुमच्या आजाराचे कागद कुणाच्या हाती?

दागिन्यांचा डबा कुठल्या कपाटात आहे, हे आपल्याला अंधारातही सांगता येईल. पण मागच्या वर्षीचा रक्ताचा रिपोर्ट? तो गादीखाली, देव्हाऱ्यामागे, नाहीतर विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात! हवा तेव्हा नेमका सापडत नाही.

आम्हा गोंदियाकडच्या बायकांना या कागदांचा जाच चांगलाच ठाऊक. दुखणं वाढलं की नागपूरची गाडी धरायची. कुणाचं सासर गोंदियाला आणि माहेर बालाघाटला, म्हणजे पहिलं बाळंतपण दुसऱ्या राज्यात. माझ्या जाऊबाईंना नागपूरला नेलं, तेव्हा तिरोड्याचे कागद घरीच राहिले. मग सगळ्या तपासण्या पुन्हा आणि पैसेही पुन्हा!

यावर आता एक सोय झाली आहे. 27 सप्टेंबर 2021 ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यात 14 आकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो. मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं आणि हा क्रमांक वेगळा, बरं का! तो फुकट मिळतो आणि घेणं-न घेणं आपल्या मर्जीवर असतं. योजनेत सामील झालेल्या दवाखान्यांतले रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड या क्रमांकाला जोडता येतात. कागद त्या-त्या दवाखान्याकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना ते पाहायचे असतील, तर तुमची संमती लागते. कुठले कागद, कुठल्या काळातले, किती दिवसांसाठी, हे त्या संमतीत ठरतं. दिलेली संमती मागेही घेता येते.

मग अडलं कुठे? ऐका. पुढच्या खेपेला त्याच जाऊबाई डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाल्या, “हे तेवढं लिहू नका जी. मोबाईल मुलाकडे असतो.” तरुणपणीची एक गोष्ट होती, सुनेपुढे यायला नको होती. (काय होती, ते मीही इथे लिहीत नाही.) बाई म्हणाल्या, “मी लिहिलं नाही, तर उद्या तुमच्यावर उपचार करणाऱ्याला कळणार कसं?” तुम्हीच सांगा, दोघींपैकी चूक कोण?

आमच्या भागात सिकलसेलचंही असंच आहे. रक्तात दोष निघाला तर पोरीचं लग्न मोडेल, या धास्तीने कागद दडवले जातात. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक! म्हणून तर 1 जुलै 2023 ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी करायचं त्यात ठरलं. तपासणी हवीच. पण तिचा निकाल गावभर होता कामा नये, हेही तितकंच खरं.

डॉक्टरांचीही बाजू ऐकायला हवी. बाहेर रांग लागलेली, त्यात आणखी संगणकावर लिहायचं कधी? आणि पेशंटने अर्धवट वाचून धसका घेतला तर? अमेरिकेतल्या डॉक्टरांनाही हीच भीती होती. तिथे 2010 साली तीन ठिकाणच्या 105 डॉक्टरांनी आपल्या साडेतेरा हजारांवर पेशंटांना स्वतःच्या नोंदी वाचायला खुल्या केल्या. वर्षानंतर विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी शंभरातल्या 99 जणांना ही सोय चालूच राहायला हवी होती, आणि एकाही डॉक्टरने ती बंद केली नाही. औषधं आता वेळच्या वेळी घेतो, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. मात्र आपलं गुपित फुटेल, ही काळजी तिथेही कितीतरी जणांना होतीच.

तेव्हा मैत्रिणींनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा. ‘आभा’ काढताना आपला स्वतःचा मोबाईल नंबर द्या. आधारला यजमानांचा नंबर असला, तरी इथे वेगळा देता येतो. पूर्वी काढला असेल, तर नंबर कुणाचा लागला आहे ते बघा आणि बदलून घ्या. खिडकीवरच्या माणसाने ओटीपी विचारला, तर आधी “कशासाठी?” म्हणून विचारा. रिपोर्ट वाचा, न कळलेला शब्द डॉक्टरांना विचारा. त्यात लाज कसली? आणि कागदांची फाईल टाकून देऊ नका, कारण सगळेच दवाखाने अजून या योजनेत आलेले नाहीत.

जाऊबाईंनी आता साधा का होईना, स्वतःचा मोबाईल घेतलाय. नंबर बदलून घेतला आणि मग डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, “आता लिहा जी.”