खांदेरी : पण शिदोरी कोण नेत होता?

माझं गाव सिहोरा. तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. धानाच्या बांध्या, जवळच चांदपूरचा तलाव आणि समुद्र थेट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला! त्यामुळे ‘वीकएण्डला खांदेरी बेटावर चाललोय’ म्हटल्यावर बाबांचा फोनवर पहिला प्रश्न, ‘काहून बाबू? का आहे तिथं?’

खरं सांगू? मलाही नीट ठाऊक नव्हतं. ऑफिसातले आम्ही पाच जण अलिबागजवळच्या थळला पोचलो, मच्छीमार होडी ठरवली आणि निघालो. आधी किनाऱ्याजवळचं उंदेरी, मग खांदेरी. दोन टेकड्या, १८६७ सालचं दीपगृह, कोळ्यांचा वेताळ, अजून चाकांच्या गाड्यावर बसलेल्या तोफा. एक दगड तर असा, की लहान दगडाने ठोकला की पितळी भांड्यासारखा वाजतो. आमच्या ग्रुपने तिथे मनसोक्त टाइमपास केला. दोनेक तासांत बेट संपलं. एवढ्याशा जागेसाठी मारामारी कशाला?

उत्तरेकडे तोंड करून उभे राहा, कळेल. मुंबई बंदरात जाणारी जहाजं समोरून जातात. १६७९ साली मुंबई इंग्रजांची होती आणि दक्षिणेला जंजिरा सिद्दीचा. पावसाळ्यात सिद्दीचं आरमार मुंबईच्या बंदरात आसरा घ्यायचं. खांदेरी बरोब्बर या दोघांच्या वाटेवर. त्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं घेऊन इथे उतरले आणि तट बांधायला लागले. इंग्रजांची झोप उडणारच!

बेटावर रेंज होती, बाबांना तिथूनच फोन लावला. ते लगेच म्हणाले, ‘म्हणजे नहराच्या गेटावर बसल्यासारखं व्हय.’ आमची बांधी नहराच्या शेवटाला. गेट कोणाच्या हाती, यावर आमचं धान ठरतं. बाबांना आणखी समजवायची गरजच नव्हती. पण पुढचा प्रश्न त्यांनी जो टाकला, तो मला सुचला नव्हता. ‘गेटावर बसला खरा, पण त्याची शिदोरी कोण नेत होता?’

बॉस, सगळी लढाई तिथेच तर होती! इंग्रजांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. सप्टेंबरात बेटावर उतरायला गेलेला लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार चालून आलं. इंग्रजांचं ‘डव्ह’ मराठ्यांनी पकडलं, पण ‘रिव्हेंज’ने मराठी होड्यांना मागे रेटलं. म्हटलं तर बरोबरी. रात्री मात्र किनाऱ्यावरून वल्ह्यांच्या उथळ होड्या निघायच्या आणि रसद बेटावर टाकून परत यायच्या. वारा पडला की इंग्रजांची मोठी शिडाची जहाजं जागच्या जागी! तट वाढतच राहिला. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारचं उंदेरी बळकावून काटशह दिला. इंग्रजांनी मात्र त्याच वर्षी तह करून अंग काढून घेतलं.

मला आठवलं ग्वाडलकनाल (वॉर फिल्म्सचं वेड, दुसरं काय!). तिथेही ऑगस्टच, पण १९४२चा. जपानी लोक बांधत असलेली धावपट्टी अमेरिकनांनी घेतली. ज्याची धावपट्टी, दिवसा त्याचा समुद्र. जपानी विनाशिका मग रात्री रसद आणायच्या, उजाडायच्या आत पळायच्या. पण त्यांचा मोठा तळ रबौल हजारेक किलोमीटर लांब! विनाशिकांवर जड तोफा आणि पुरेसं धान्य मावेना, सैनिक उपाशी पडले. फेब्रुवारी १९४३ मध्ये जपानने बेट सोडलं. पुढे रबौलवर अमेरिकनांनी सैन्य उतरवलंच नाही, रसद तोडली. जवळपास लाखभर जपानी युद्ध संपेपर्यंत तिथेच अडकून राहिले.

खांदेरी ते थळ पाचेक किलोमीटर. परतताना मी घड्याळ लावून बसलो होतो, अर्धा तासही लागला नाही. वल्ह्याने, अंधारात, वर तोफांचा धाक... तो हिशेब वेगळा.

२०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठा किल्ल्यांबरोबर खांदेरीही गेलं. जायचं तर पावसाळा टाळा, होडी आणि परवानगीची चौकशी आधीच करा. आणि डबा-पाणी बरोबर घ्या.