जीवाणी

बस्तीच्या मांडवात मे महिन्यातल्या संस्कार शिबिराचा शेवटचा दिवस. मुलांनी केलेले प्रकल्प बघायला आम्ही बायका गेलो होतो. एकानं थर्माकोलची कमल बस्ती केली होती. "आपल्या किल्ल्यातली, १२०४ सालची, आत नेमिनाथ भगवान," असं सांगत छताच्या कमळाच्या ७२ पाकळ्या तो प्रत्येकीकडून मोजून घेत होता. कौतुक करून पुढं सरकले.

कोपऱ्यातल्या मुलीपाशी मात्र नुसती कळशी, दुहेरी फडकं आणि तळाला कडी असलेली छोटी बादली. पाणी कसं गाळायचं, त्याची मर्यादा ४८ मिनिटं कशी, सगळं पाठ. मग फडकं उलटं धरून तिनं वरून गाळलेलं पाणी ओतलं. "ही जीवाणी. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत अलगद सोडायची. नाहीतर जीव वाचले कुठं?" आणि मलाच विचारलं, "आज्जी, तुम्ही कुठं सोडतासा?"

काय सांगू? नळाला फडकं बांधते, न चुकता. पण धुते सिंकमध्येच. सासूबाई जीवाणी सोडायच्या ती परसातली विहीर नळ आल्यावर आम्हीच फरशा टाकून झाकली.

"आमच्याकडं नळ आहे गं बाळ."

"मग जीवाणी?"

शेजारणी हसल्या. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं गाळत होते ते जिवांसाठी की माझ्या पोटासाठी?

रात्री यजमानांना म्हटलं, "विहिरीवरच्या फरशा काढायला माणूस बघा. गाळ उपसून घेऊया. पिण्यापुरतं पाणी मी ओढीन की."