आमच्या पाण्याचं रीडिंग

मित्रांनो, कविता पाठव म्हणून तुमचा निरोप आला होता. कविता झाली नाही. या खेपेला एक रीडिंग पाठवतोय. पाण्याचं.

मी इचलकरंजीत एका मिलमध्ये डाईंग खात्यात आहे. रात्री आठला आत, सकाळी आठला बाहेर. बारावी सायन्स पास झालो त्याच वर्षी बाप अंथरुणाला खिळला आणि मी जिगरवर उभा राहिलो. सहा वर्षं झाली. कविता लिहायला शिकलो ते रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेली पुस्तकं वाचून. गुरू नाही, क्लास नाही. गेल्या वर्षी बाप गेला. जाण्याआधी म्हणाला, "तुजं कालेज ऱ्हायलं बग माज्यापायी." मग गॅपचं ॲफिडेव्हिट केलं आणि बी.एस्सी. भाग एकला नाव घातलं. अठरा वर्षांच्या पोरांत चोवीस वर्षांचा मी. पाठीमागच्या बाकावर, हाताला रंग.

पहिलं सेमिस्टर कसंबसं ढकललं. दुसऱ्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्रीचा पेपर आला. आम्ल, अल्कली, पी-एच, बफर, अभिक्रियेचा वेग. सगळं इंग्रजीत. पोरं घोकत होती आणि मी आपला टकामका बघत होतो. कारण हे सगळं माझ्या ओळखीचं निघालं! कॉस्टिक, सोडा ॲश, ॲसेटिक, पेरॉक्साईड. सहा वर्षं मी हे बादलीनं ओतलंय. आमचा डाईंग मास्तर ओरडायचा, "पी-एच अकराच्या खाली जाऊ देऊ नको रे, शेड बसणार नाही." का बसणार नाही, ते कुणी सांगितलं नव्हतं. सेल्युलोज आणि रिॲक्टिव्ह रंग यांची गाठ अल्कलीतच पडते, हे मला आता कळलं. सहा वर्षं मी केमिस्ट्रीच करत होतो. फक्त तिला मजुरी म्हणत होते.

विद्युत-अपघटनाच्या धड्यात फॅरेडेचे दोन नियम आहेत. पुस्तकात फक्त सूत्र. हा फॅरेडे कोण म्हणून शोधायला गेलो. जन्म १७९१, लोहाराचा पोरगा. चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधणाऱ्याकडे कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकंच वाचून शिकला. १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हीचा मदतनीस झाला. त्याच वर्षी डेव्हीबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेला, तर डेव्हीची बायको त्याला नोकरांच्या पंगतीला बसवायची. गणित त्याला फारसं येत नव्हतं. आणि हे नियम त्यानं १८३३-३४ मध्ये मांडले. त्या रात्री पाळीवर मला झोप आली नाही.

आता मुद्द्यावर येतो.

फेब्रुवारीत पाण्याच्या कठीणपणाचं प्रॅक्टिकल होतं. सर म्हणाले, येताना घरचं पाणी आणा. मी आमच्या वस्तीतल्या बोअरचं पाणी बाटलीत भरलं. आई म्हणाली, "हे कशाला नेतोयस?" म्हटलं, "तपासायला." तिला गंमत वाटली. आजवर आमचं पाणी कुणी तपासलं नव्हतं.

रीत सोपी आहे. पन्नास मिली पाणी फ्लास्कमध्ये घ्यायचं. अमोनियाचा बफर घालून पी-एच दहा करायचा. त्यात एरिओक्रोम ब्लॅक टी नावाचा रंग टाकायचा. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं की तो रंग त्यांना चिकटतो आणि पाणी लालभडक होतं. मग बुरेटमधून ई.डी.टी.ए. थेंब थेंब सोडायचं. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला रंगाच्या तावडीतून ओढून घेतं. सगळं ओढून झालं की लाल पाणी निळं होतं. तिथं थांबायचं. जितकं ई.डी.टी.ए. लागलं तितकं पाणी कठीण.

पाळी सुटून पोचेतो उशीर झाला होता. जोडीदार पोरानं माझे हात बघितले आणि बुरेट आपल्याकडं ओढली. "आधी हात धुऊन ये." हा रंग धुऊन जात नाही, आठवड्याभरानं कातडीबरोबर जातो, हे त्याला काय सांगायचं? त्याचं पाणी ९.६ ला निळं झालं. माझं पंधराला लाल. वीसला लाल. सर आले. "एवढं कसं येईल? एंड पॉइंट चुकला तुमचा. झोपेत असता तुम्ही. शेजारचं बघा आणि लिहा." मागनं कुणीतरी बोललं, "फ्रीशिपचं पाणी हाय त्ये, लाल असणारच." पोरं हसली.

आणि मित्रांनो, मी काय केलं? फ्लास्क बेसिनमध्ये ओतला. जर्नलात लिहिलं, ९.८. सरांनी सही केली. वर 'गुड' लिहिलं.

मोर्च्यात पुढं चालणारा मी. जयंतीला स्टेजवरनं कविता म्हणणारा मी. एका 'गुड'साठी माझ्याच वस्तीचं पाणी खोटं लिहिलं.

घरी आईनं विचारलं, "मग काय निगालं रं आपल्या पान्यात?"

म्हटलं, "बरं हाय."

त्या रात्री मिलमध्ये सॉफ्टनरवरच्या पोरानं नेहमीसारखं पाणी तपासलं. दर पाळीला तपासतात. बाटलीत पाणी, दोन थेंब, पाणी झटक्यात निळं. म्हणजे पास, सोडा बाथमध्ये. लाल दिसलं तर सॉफ्टनर मिठाच्या पाण्यानं धुतल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. कारण कठीण पाण्यात कापडावर डाग पडतात, शेड बिघडते, माल परत येतो. सहा वर्षं मी ते लाल आणि निळं बघत आलोय. आणि माझा एंड पॉइंट चुकेल?

पुढच्या आठवड्यात पुन्हा बाटली भरली. लॅबमध्ये हजेरी लावणारे, काचसामान देणारे एक मामा आहेत. त्यांना सगळं खरं सांगितलं. म्हणाले, "केमिकल मोजून असतंय बाबा." मग जरा थांबून म्हणाले, "दुपारी दोनला ये. सगळी जेवायला गेली की."

तीनदा केलं. २६.२. २६.३. २६.३. मामा शेजारी उभे होते. निळं झालं तेव्हा म्हणाले, "जमलं की!"

हिशेब असा. ई.डी.टी.ए. ०.०१ मोलर. त्याचा एक मिली म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. पन्नास मिलीत २६.३, तर लिटरला ५२६ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आय.एस. १०५००. त्यात चालेल अशी मर्यादा २०० आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६००. म्हणजे आमचं पाणी कागदावर पास! 'दुसरा स्रोत नसेल तर' या चार शब्दांत आमची अख्खी वस्ती राहते. पाईपलाईन कोपऱ्यापर्यंत आलीय आणि तिथंच संपलीय.

कठीण पाणी म्हणजे विष नव्हे, हे कबूल. पण त्यात डाळ शिजत नाही. कॅल्शियम डाळीतलं पेक्टिन घट्ट धरून ठेवतं. माझी आजी जन्मभर सासूच्या शिव्या खात आली, हिला डाळ शिजवता येत नाही म्हणून. कठीण पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबण कॅल्शियमशी बांधला जातो, त्याचा चिकट करडा साका होतो आणि कापडावर बसतो. शाळेत बाई मला उभं करायच्या. "शर्ट बघा याचा. घरी धूत नाहीत का?" आई धूत होती हो बाई! दगडावर आपटून आपटून धूत होती. साबण संपत होता आणि शर्ट करडाच राहत होता. 'ही माणसं घाणच' असं गाव म्हणतं, त्यात साक्याचा वाटा किती, हे कुणी मोजलं?

ज्या पाण्यात मिल आपलं कापड घालत नाही, ते पाणी आमची पोरं पितात.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायलं. मागनं सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं. १०८ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि मंत्र म्हणत तळ्यात ओतलं. आज मी विचारतो, आमच्या ओंजळीनं त्या पाण्यात काय वाढलं होतं? कुठल्या बुरेटवर उतरलं असतं ते? आणि शेणानं काय वाढलं, ते मात्र कुठल्याही लॅबला सापडलं असतं. कोर्टात निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. दहा वर्षं.

रविवारी विहारात बसून मी सगळ्यांना रीडिंग सांगितलं. आईला पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, "मी खोटं बोललो होतो" म्हणून. ती म्हणाली, "मग त्ये आधी खोड." उकळून सगळा कठीणपणा जात नाही, बायकार्बोनेटचा तेवढा जातो, भांड्याला पांढरा थर बसतो तो तोच, हेही सांगितलं. आणि या परीक्षेनं जंतू, नायट्रेट, फ्लोराईड कळत नाहीत, त्याची तपासणी वेगळी मागायला हवी, हेही. अर्ज लिहिला. त्रेसष्ट सह्या झाल्या, आठ अंगठे. अर्जात पहिल्या ओळीत ५२६ हा आकडा आहे.

सोमवारी जर्नलात ९.८ वर एक रेघ मारली. खाली २६.३ लिहिलं आणि सरांपुढं ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले. "कुठलं पाणी?" म्हटलं, "आमच्या वस्तीचं. तीनदा केलंय सर. पुन्हा तुमच्यासमोर करतो." ते काही बोलले नाहीत. "ठेवा, बघू," एवढंच.

जर्नलवर सही झाल्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. परीक्षेला बारा दिवस आहेत. जर्नल अजून त्यांच्या टेबलावर आहे. रोज पाळी सुटली की जाऊन विचारतो. आकडा बदलणार नाही.

तुमच्यापैकी जे सायन्सला आहेत त्यांना सांगणं आहे. आपल्या वस्तीचं पाणी बाटलीत भरा आणि लॅबमध्ये न्या. जे दिसेल तेच लिहा. रीडिंग मला पाठवा. कविता नंतर बघू.

जयभीम.